पाठीवरच्या चार चिरा

नॅराकूर्ट
६ मार्च २०११

केल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे शेगडीत घालायला निघाला असशील, तर आधी नोएलीनला विचार. तिनंच मला फोन केला. तिच्यावर डाफरू नकोस. तुझी बायको रडत होती, मी फोन ठेवून द्यायला हवा होता काय?

ती म्हणाली, तुझा डावा पाय ओढला जातोय. बुटाचं नाक झिजून भोक पडलंय. ट्रकच्या पायरीवरून दोनदा घसरलास. माउंट गॅम्बियरच्या डॉक्टरनं एक्स-रेची फिल्म बघून सांगितलं, की मणका पुढे सरकलाय आणि पायाची नस त्यात दाबली गेलीय. हिवाळ्याच्या आत ऑपरेशन केलं नाही तर तो पाय पुन्हा उचलला जाणार नाही. आणि तू म्हणालास, "बाबांना मी टेबलावर चढवलं. माझ्या पाठीला कुणी सुरी लावायची नाही."

तर ऐक. माझाही तोच मणका होता, तीच जागा. आपल्या घराण्यात दुसरी इस्टेट नाही, हा एक सरकलेला मणका तेवढा सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला. गेल्या वर्षी लोकर कातरायच्या शेडमध्ये मी मेंढी धरायला वाकलो आणि दोन पाय, दोन हात टेकून बाहेर आलो. पोरं हसत होती, मीही हसत होतो. मग ट्रेलरमागे जाऊन रडलो.

पंधरा फेब्रुवारीला ॲडलेडला ऑपरेशन झालं. तुझ्या डोळ्यासमोर आत्ता काय आलं ते मला ठाऊक आहे. बाबांची पाठ. कमरेपासून खालपर्यंत वीतभर लांब ती शिवण, आणि दोन्ही बाजूंना मांस सोलून काढल्यासारखा खड्डा. प्लास्टर निघाल्यावर आपण दोघंच त्यांना आंघोळ घालायचो.

माझ्या पाठीवर चार चिरा आहेत. मधल्या रेषेच्या इकडे दोन, तिकडे दोन. प्रत्येक इंचभर. आमचा मुकादम गॅव्हिन बघायला आला, शर्ट वर करायला लावला आणि म्हणाला, "हे काय? डास चावले काय रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उभा राहिलो. चौथ्या दिवशी घरी. आज बरोबर एकोणीस दिवस झाले आणि मी टेबलाशी बसून तुला पत्र लिहितोय. उजव्या मांडीला बधिरपणा आहे, खोटं कशाला बोलू. पण पायातली ती आग गेली.

डॉक्टरचं नाव मनोलास. बाई आहे. फोन नंबर नोएलीनला दिलाय.

लिंडसे


नॅराकूर्ट
२० मार्च २०११

केल,

तुझा निरोप पोचला. "एका घरात एक कापला तेवढा पुरे." नोएलीननं शब्दन् शब्द सांगितला, तुझ्या आवाजात. सव्वीस वर्षांत तुझी जीभ बोथट झाली नाही हे ऐकून बरं वाटलं.

मी चिडलो नाही. चिडायचा हक्क मला नाही. पण मी लिहिणं थांबवणारही नाही. पाय तुझा आहे, पण पोस्टाची तिकिटं माझी आहेत.

तू म्हणशील, बाईनं चार भोकं पाडली आणि हा भुलला. म्हणून नीट सांगतो, तुला हातचं काम कळतं. बाबांनी दोघांनाही मेंढ्या कातरायला शिकवलं होतं. तू कातरणी सोडून ट्रक धरलास, पण चांगला हात कुणाचा आणि वाईट कुणाचा हे तू अजून डोळे मिटून सांगशील.

ती पाच फुटांची आहे. तिचा बाप ग्रीसहून आला, ॲडलेडच्या बाजारात चपला-बूट दुरुस्त करायचा. पहिल्या भेटीत तिनं टेबलावर प्लास्टिकचा कणा ठेवला. मी म्हटलं, "मला हे खेळणं नको. तुम्ही आत काय करणार ते सांगा. मी तीस वर्षं जिवंत जनावराच्या कातड्यावरून धारदार लोखंड फिरवतोय. मला घाबरवू नका आणि गोंजारूही नका."

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "ठीक आहे. तुमच्या वडिलांच्या काळी आम्ही मणक्यापर्यंत पोचायला पाठीचं मांस हाडावरून सोलून बाजूला करायचो. हाड जुळायचं, पण ते मांस पुन्हा पहिल्यासारखं होत नसे. आता मी मांस कापत नाही, त्याच्या धाग्यांमधून वाट काढते. आधी एक बारीक तार आत सोडायची. तिच्यावरून एक नळी. त्या नळीवर तिच्याहून जाड नळी, मग अजून जाड. मांस हळूहळू बाजूला सरतं. शेवटच्या नळीचं तोंड या अंगठ्याएवढं. तेवढ्यातून झिजलेली चकती खरवडून काढायची, नस मोकळी करायची, आणि दोन मणक्यांच्या मध्ये हाडाचा चुरा भरलेला छोटा पिंजरा बसवायचा. मग चार स्क्रू आणि कातडीखालून सरकवलेल्या दोन सळया."

मी विचारलं, "अंगठ्याएवढ्या भोकातून दिसतं काय?"

"दिसतं थोडं. क्ष-किरणांचं चित्र शेजारी चालू असतं, ते दाखवतं मी कुठे आहे. पण हाड कुठे घट्ट आणि कुठे मऊ, ते हाताला कळतं." मग तिनं मला विचारलं, "तुम्हाला लोकरीखालचं कातडं कसं दिसतं?"

मी म्हटलं, "दिसत नाही. डावा हात आधी जातो, कातडं ताणून धरतो. उजवा हात त्याच्या मागून."

"माझंही तसंच," ती म्हणाली.

केल, एवढ्या वर्षांत कुठल्या डॉक्टरनं मला माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारला होता? सगळे विचारायचे, 'दारू किती पिता?'

भूल उतरल्यावर नर्सनं सांगितलं, तीन तास बाई एका जागी उभी होती आणि रक्त गेलं ते चहाच्या कपात मावलं असतं. एकाच जागी दोनदा हत्यार फिरवलं नाही. तुला माहीत आहे, बाबा असं कुठल्या कातरणाऱ्याबद्दल म्हणायचे आणि वर्षातून किती वेळा म्हणायचे. मी त्या बाईला मनातल्या मनात आपल्या शेडमधली पहिली जागा देऊन टाकली.

तिनं वचन मात्र दिलं नाही. म्हणाली, काही जणांची पाठ अजूनही उघडावीच लागते. नसेला इजा होऊ शकते. आणि दाबलेली नस फार दिवस तशीच राहिली तर नुसती मोकळी करून उपयोग नाही, ती मेलेली असते. हे शेवटचं वाक्य तुझ्यासाठी दोनदा वाच.

बाबांच्या त्या डॉक्टरला मी कसाई म्हटलं होतं. तुला काय म्हटलं होतं ते तुझ्या लक्षात असेलच. उचलली जीभ लावली टाळ्याला. जाऊ दे, त्याबद्दल आत्ता नको.

लिंडसे


नॅराकूर्ट
३ एप्रिल २०११

केल,

नोएलीन म्हणते, तू आता काठी घेतलीस आणि तिला सांगितलंस की काठी ट्रकची चाकं ठोकून बघायला आहे. हे तू कुणाला फसवतोस? तिला का स्वतःला?

मी सहा आठवड्यांच्या तपासणीला जाऊन आलो. त्याआधी एक मूर्खपणा केला, तोही सांगतो.

मंगळवारी गॅव्हिनची टोळी कीथच्या बाजूला कातरत होती. मी नुसता चहाच्या सुट्टीत पोरांना भेटायला गेलो. पाठ दुखत नव्हती. चिरा इतक्या पुसट झाल्यात की आरशात शोधाव्या लागतात. एकजण म्हणाला, "लिंडसे, ऑपरेशन झालं होतं की सुट्टी काढायची होती?" दुसरा म्हणाला, "याला बाईनं नुसती फुंकर मारली असेल." सगळे हसले. आणि मला वाटलं, खरंच की. एवढीशी तर भोकं. काय होणार आहे?

तुला आपली माणसं माहीत आहेत. कातडं मिटलं की माणूस बरा. टाके निघाले की शेडमध्ये हजर. बाईनं मला स्पष्ट बजावलं होतं: "सगळ्यात मोठा धोका हाच आहे. बाहेर काही दिसत नाही, दुखत नाही, म्हणून तुम्ही समजाल की काम झालं. स्क्रूंनी फक्त धरून ठेवलंय. काम हाड करतं आणि त्याला महिने लागतात. कुंपणाचा खांब सिमेंटमध्ये उभा केला की तुम्ही लगेच त्याला तार ताणता का?" मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं.

मी मेंढ्यांच्या कोंडवाड्याचं फाटक उघडलं. एका मेंढीचा पुढचा पाय धरला. तिला बसवायला कंबर वाकवणार, एवढ्यात हात सुटला. सोडला नाही, सुटला. पोरांना वाटलं कळ आली. कळ नव्हती. मी गाडीत येऊन बसलो आणि अर्धा तास किल्ली फिरवता आली नाही.

का सुटला ते मला माहीत आहे. ते तुला सांगायला हवं. आज नाही.

तपासणीला जाताना मी बाबांच्या जुन्या फिल्मा घेऊन गेलो. आईच्या कपाटात खाकी पाकिटात होत्या. मनात होतं, बाईला दाखवावं की बघा, तेव्हा काय वाटोळं केलं होतं, म्हणजे ती तुला समजावेल. तिनं त्या तारखेप्रमाणे लावल्या आणि एकेक खिडकीशी धरली. सप्टेंबर चौऱ्याऐंशीची बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाली, "ज्यानं हे काम केलं तो चांगला सर्जन होता."

मी म्हटलं, "काय बोलताय? माणूस बारा वर्षं खुर्चीत बसून मेला."

"इकडे बघा. दोन महिन्यांची फिल्म आहे. हा पांढरा ढग दिसतोय? हाड धरायला लागलंय. इतकं छान मी क्वचित पाहिलंय." तिनं नोव्हेंबरची फिल्म शेजारी धरली. ढगातून आडवी काळी रेघ गेली होती. "आणि हे तुटलं. या दोन तारखांच्या मधे काहीतरी झालं. त्यांनी काही उचललं होतं का? पडले होते?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

तिनं पुन्हा विचारलं नाही. फिल्मा पाकिटात घालून परत दिल्या आणि म्हणाली, "तुमच्या भावाला एवढं तरी सांगा, की ऑपरेशन फसलं नव्हतं."

सांगितलं. आता जा तिच्याकडे.

लिंडसे


नॅराकूर्ट
९ एप्रिल २०११

केल,

नोएलीनचा काल फोन. तू म्हणालास, "हाड काय आपोआप तुटतं? बाईला सर्जनांची बाजू घ्यायचीय." आणि हेही म्हणालास, की काही झालं तरी बाबांना ॲडलेडला नेलं ते तूच, सहीला आईचं मन वळवलंस ते तूच, मग पाय गेला तर जाऊ दे, फिटंफाट.

फिटंफाट नाही, केल. तुझ्याकडून काही येणंच नव्हतं.

ऑक्टोबर चौऱ्याऐंशी. दुसरा शनिवार. तू मेलबर्नला माल घेऊन गेला होतास. आई चर्चच्या जत्रेत केक विकत होती. बाबांचं प्लास्टर निघून तो पोलादी पट्ट्यांचा कॅनव्हासचा पट्टा लागला होता, नाड्यांनी बांधायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, ख्रिसमसपर्यंत पाण्याची बादलीसुद्धा नाही.

वॉरीनाच्या शेडमध्ये त्या हंगामाच्या कातरणीचा शेवटचा दिवस होता. मी म्हटलं, "चला बाबा, जरा लोकरीचा वास घेऊन या." ते लगेच निघाले. तीन महिने खिडकीशी बसलेला माणूस. मी त्यांना लोकरीच्या गाठोड्यांवर बसवलं. सगळे येऊन भेटले. कुणी त्यांच्या पट्ट्याकडे बघून म्हणालं, "विल्फ, कोट कुठल्या शिंप्याकडे शिवलास?" ते हसले. मग एक नवा पोरगा, त्या वर्षीचा सगळ्यात जलद, मोठ्यानं म्हणाला, "संपला म्हातारा."

ते बावन्न वर्षांचे होते. त्यांच्या कानावर गेलं. ते बुटांकडे बघायला लागले. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, "एकच, बाबा. फक्त एक. याला दाखवा." ते म्हणाले, "केल ओरडेल." मी म्हटलं, "केल मेलबर्नात आहे. आणि जखम भरलीय ना? मग झालं तर."

पट्ट्याच्या नाड्या मी सोडल्या. माझ्या हातांनी. त्यांनी शर्ट वर धरला आणि मी सोडल्या.

त्यांनी मेंढी ओढून आणली, बसवली. अडीच मिनिटं. एका जागी दोनदा हात नाही, कातड्यावर ओरखडा नाही. अख्खी लोकर एका तुकड्यात खाली उतरली. ते पोरगंसुद्धा टाळ्या वाजवत होतं. माझा ऊर भरून आला होता, केल, खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यात त्याहून सुंदर काही मी पाहिलेलं नाही.

मेंढी खाली सोडली आणि ते वाकलेलेच राहिले. भिंतीला हात लावून. मी म्हटलं, "बाबा?" ते म्हणाले, "काही नाही. नाड्या बांध." मी बांधल्या. गाडीत म्हणाले, "आईला सांगू नकोस. केललाही."

नोव्हेंबरात फिल्म काढली. डॉक्टरनं विचारलं, काही उचललं का? बाबा म्हणाले, "जोरात शिंक आली होती एकदा." तू तिथेच होतास. तू हसला होतास.

आणि ख्रिसमसला, जेवणाच्या टेबलावर, मी तुला म्हणालो, "तू त्यांना कसायाकडे नेलंस. तू त्यांना मारलंस." आई ताट घेऊन उभी होती. बाबा खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू उठून गेलास आणि पुन्हा त्या घरात आला नाहीस, थेट त्यांच्या मातीला आलास आणि खड्ड्याच्या पलीकडे उभा राहिलास.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की ते गप्प राहिले ते मला वाचवायला. बाप आहे, पोराला वाचवणारच. पण त्या मंगळवारी शेडमध्ये माझा हात सुटला तेव्हा मला त्यांचे ते डोळे दिसले. ते मला वाचवत नव्हते, केल. ते वाट बघत होते की मी बोलतो का. बारा वर्षं त्या खुर्चीतून वाट बघत होते. मी रोज त्यांना चहा नेऊन द्यायचो आणि हवापाण्याचं बोलायचो.

तू त्यांना बरोबर नेलं होतंस. चांगल्या माणसाकडे नेलं होतंस. ते बरे होत होते. मोडलं ते मी.

आता माझ्यावर जेवढं ओरडायचं तेवढं ओरड. माझं तोंड बघू नकोस, मला चालेल. पण ज्या गुन्ह्यासाठी तू पाय घालवायला निघालायस तो तुझा नाहीच.

लिंडसे


नॅराकूर्ट
७ जुलै २०११

केल,

मला उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. पण अठरा एप्रिलला नोएलीननं ॲडलेडला फोन लावला आणि चोवीस मेला तू टेबलावर गेलास, हे मला कळलं. बाईनं तुझ्याही पाठीत तशाच चार चिरा केल्या. नोएलीन म्हणाली, तुझी नस चपट्या दोऱ्यासारखी झाली होती, अजून दोन महिने गेले असते तर काही उरलं नसतं.

मी तेव्हा हॉस्पिटलात येणार होतो. तू म्हणालास म्हणे, "तो आत आला तर मी उठून चालू लागेन." म्हटलं, चालू लागू दे की, त्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप. पण आलो नाही.

परवा मात्र आलो. तुझी सहा आठवड्यांची तपासणी होती, तारीख नोएलीनच्या तोंडून निसटली. तिला बोलू नकोस. मी रस्त्याच्या पलीकडे बेकरीच्या बाकावर बसलो होतो. जुलैची थंडी मी म्हणत होती. मी खिमा भरलेला एक पॅटिस घेतला आणि तो हातातच गार झाला.

तुम्ही दोघं बाहेर आलात आणि हॉस्पिटलच्या आवारातून फुटपाथकडे यायला लागलात. काठी नव्हती. नोएलीन तुझा दंड धरायला गेली, तू झटकलास. तोच तू. फुटपाथ तिथे उंच आहे, येताना मीच ठेचकाळलो होतो. मी बाकाची कड घट्ट धरली. तू कडेशी आलास, खाली बघितलंस, आणि डावा पाय उचललास. बोटं अजून जराशी खाली झुकतात, ते दिसलं मला. पण पाय उचलला गेला. कडेला न लागता वर टेकला. मग उजवा.

मग तू मान वर केलीस आणि मी दिसलो.

मी उभा राहिलो. हात वर करावा की नाही कळेना. तू बघत राहिलास, एक मोटार मधून गेली तरी बघत राहिलास. नोएलीन काहीतरी म्हणाली. तू वळलास आणि गाडी जिथे लावली होती त्या बाजूला चालायला लागलास.

मी हाक मारली नाही. तू टोकाला पोचेपर्यंत बघत होतो. अख्ख्या रस्त्यात तू एकदाही अडखळला नाहीस.

लिंडसे